लॅपटॉपसाठी डोंगल घेताय? आधी सिम, मग बँड, मग डोंगल

डोंगल, म्हणजे सिम घालून लॅपटॉपला मोबाइल नेट देणारी यूएसबीची काडी, घेताना बहुतेक जण खोक्यावरचा '१५० एमबीपीएस' हा आकडा बघतात आणि पैसे मोजतात. आकडा खोटा नसतो, पण तो आदर्श परिस्थितीतला असतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावर किंवा नवी मुंबईत महापेतल्या काचेच्या इमारतीत प्रत्यक्षात काय मिळेल, हे दोन गोष्टींवर ठरतं. तुमच्या टेबलापर्यंत कोणत्या कंपनीचा कोणता बँड, म्हणजे मोबाइल लहरींचा पट्टा, नीट पोचतो ही पहिली, आणि तो बँड डोंगलला पकडता येतो का ही दुसरी. म्हणून आधी सिम ठरवा, मग बँड बघा आणि शेवटी डोंगल निवडा. उलट्या क्रमाने गेलेल्यांचे डोंगल ड्रॉवरमध्ये पडलेले मी बरेच पाहिलेत.

मुळात डोंगल हवा का?

काम फक्त घरूनच करायचं असेल आणि सोसायटीत फायबर येत असेल, तर फायबर घ्या. फायबर पोचलं नसेल तर २०२३ पासून मुंबई परिसरात मिळू लागलेली जिओ एअरफायबर किंवा एअरटेल एक्सट्रीम एअरफायबर ही सेवा तुमच्या पत्त्यावर आहे का ते विचारा. एका जागी बसून दिवसभर नेट वापरणाऱ्याला डोंगल परवडत नाही आणि पुरतही नाही.

दिवसातून तासभरच नेट लागत असेल तर फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे स्थिर चालतं, शिवाय फोन चार्जही होतो.

डोंगल खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो फिरतीवर असणाऱ्यांना. आज वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, उद्या तुर्भ्याच्या गोदामात बसून काम करणारे ऑडिटवाले, अकाउंटंट, मशिनरीचे सर्व्हिस इंजिनिअर यांना दिवसभर फोन अडकवून ठेवणं जमत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घणसोली-कोपरखैरणेत राहणारी मुलं, नुकताच ताबा मिळालेल्या तळोजा-उलव्याच्या इमारतीतले रहिवासी, आणि रस्ता खणला की ज्यांचं फायबर तुटतं असे सगळे यातच आले. नेट एकापेक्षा जास्त उपकरणांना हवं असेल तर बॅटरीवाला छोटा हॉटस्पॉट घेता येतो, पण तो सतत चार्जिंगला लावून ठेवला की कालांतराने बॅटरी फुगते. एकाच लॅपटॉपसाठी बिनबॅटरीचा साधा डोंगल मला जास्त पटतो.

पहिलं काम: फोनवर मोजणी

एक रुपयाही खर्च करण्याआधी ही पायरी करा. सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो.

जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) या तिन्हींची चालू सिम घरात, शेजारी किंवा ऑफिसात कुणा ना कुणाकडे असतातच. तो फोन तुम्ही जिथे लॅपटॉप ठेवणार आहात नेमक्या त्या टेबलावर ठेवा. खिडकीत मोजून उपयोग नाही. अँड्रॉइड फोनवर नेटमॉन्स्टर किंवा नेटवर्क सेल इन्फो लाइट हे ॲप टाका. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा कोड डायल केला की फील्ड टेस्टची माहिती दिसते. फोनमध्ये ५जी बंद करून फक्त ४जी ठेवा, नाहीतर ४जी डोंगलला काय मिळणार ते कळणारच नाही.

तीन गोष्टी लिहून घ्या: बँडचा क्रमांक, आरएसआरपी आणि एसआयएनआर.

आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद. ती उणे आकड्यात असते. उणे ८० किंवा त्याहून चांगली असेल तर उत्तम. उणे १०० च्या आसपास काम चालतं. उणे ११० च्या खाली गेली की मीटिंग तुटायला लागते.

एसआयएनआर म्हणजे कामाचा सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे. २० च्या पुढे असेल तर फारच छान, १३ च्या वर चांगला. तो शून्याच्या खाली गेला तर फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसत असूनही पान उघडत नाही.

आपल्या भागात हाच दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली किंवा खारघरच्या उंच इमारतींमध्ये विसाव्या मजल्यावरून एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात. टॉवरचे अँटेना साधारणपणे रस्त्याकडे, खालच्या बाजूला झुकवलेले असतात. त्यामुळे उंचावर जवळच्या टॉवरचा सिग्नल कडेकडेने येतो, दूरच्या टॉवरचे सिग्नल अडथळ्याशिवाय येतात आणि सगळे एकमेकांत मिसळतात. रेंज भरपूर, स्पीड मात्र नाही, ही उंच मजल्यांवरची नेहमीची तक्रार यातूनच येते. अशा घरात जास्त ताकदीचा डोंगल घेऊन काही साधत नाही. टेबल दुसऱ्या खोलीत हलवणं, एका बाजूची भिंत आडोसा म्हणून वापरणं किंवा कंपनी बदलणं, हेच उपाय चालतात. घराच्या दोन बाजूंच्या खोल्यांत मोजून बघा. येऊरच्या डोंगराकडची खोली आणि रस्त्याकडची खोली यांत कित्येकदा मोठा फरक निघतो.

नौपाड्यातल्या जुन्या, जाड भिंतींच्या इमारतीत तळमजल्यावर प्रश्न वेगळा असतो. तिथे गोंगाट कमी असतो, पण सिग्नलच आत येत नाही. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतल्या धातूचा थर दिलेल्या काचाही सिग्नल बराच अडवतात.

मोजणी दुपारी एकदा आणि रात्री आठ ते अकरा या वेळेत एकदा करा. रात्री आजूबाजूची सगळी घरं व्हिडिओ बघत असतात. त्या वेळी जो स्पीड मिळतो तोच खरा धरा. डाउनलोडबरोबर अपलोडही लिहा, कारण मीटिंगमध्ये तुमचा आवाज आणि चेहरा अपलोडवरच जातो.

बँडचं गणित

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही मुंबई सर्कलमध्ये येतात, त्यामुळे कंपन्यांचे बँड इथे मुंबईसारखेच. ४जीसाठी जिओ प्रामुख्याने बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ), बँड ५ (८५०) आणि बँड ४० (२३००) वापरते. एअरटेलचे मुख्य बँड १ (२१००), ३, ८ (९००) आणि ४०. व्हीचे १, ३, ८ आणि ४१ (२५००).

कमी मेगाहर्ट्झचा बँड भिंतींतून आत शिरतो, पण त्यात जागा कमी असते, त्यामुळे स्पीड मर्यादित राहतो. २३०० आणि २५०० मध्ये जागा भरपूर असते, पण दोन भिंती मध्ये आल्या की ते दमतात. खिडकीजवळ बसणाऱ्याला ४० किंवा ४१ हवा. आतल्या खोलीत बसणाऱ्याला ५ किंवा ८ वाचवतो. बँड ३ तिन्ही कंपन्यांकडे आहे, म्हणून तो नसलेला डोंगल हातातही घेऊ नका.

आता फोनवरची नोंद आणि डोंगलच्या माहितीपत्रकातली बँडची यादी शेजारी ठेवा. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण एकाच नावाच्या डोंगलच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. हुआवेचा ई३३७२ हा खूप चाललेला डोंगल घ्या. त्याची ई३३७२एच-१५३ ही युरोपकडची आवृत्ती बँड ४० पकडत नाही. ई३३७२एच-६०७ मध्ये १, ३, ७, ८, २८ आणि ४० आहेत, म्हणजे एअरटेलसाठी तो छान जुळतो. पण त्यात बँड ५ नाही. तुमच्या आतल्या खोलीत फोन जिओच्या बँड ५ वर चालत असेल, तर तिथे हाच डोंगल तुम्हाला निराश करेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक फक्त मागच्या छोट्या अक्षरांतल्या शेवटच्या तीन अंकांत. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून मागच्या लेबलचा फोटो मागवा.

काय अजिबात घेऊ नये

घरातला जुना डोंगल चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टच्या काळातले सीडीएमए डोंगल आता कुठल्याच सिमवर चालणार नाहीत, ते ई-कचऱ्यात द्या. फक्त ३जी पकडणारे डोंगलही तसेच. जिओकडे ३जी कधी नव्हतंच आणि एअरटेलने आपलं ३जी बंद करून त्या लहरी ४जीकडे वळवल्या.

कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला डोंगल किंवा हॉटस्पॉट बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. जिओफायमध्ये एअरटेलचं सिम चालत नाही. वर्षभराने कंपनी बदलावीशी वाटली तर वस्तू निकामी ठरते. म्हणून अनलॉक्ड डोंगल घ्या, थोडा महाग पडला तरी.

बाजारात वायफाय देणाऱ्या बिननावाच्या पांढऱ्या काड्या खूप स्वस्तात मिळतात. त्यांतल्या बऱ्याच क्वालकॉमच्या एमएसएम८९१६ या जुन्या फोनच्या चिपवर आणि अँड्रॉइड ४.४ वर चालतात. म्हणजे तो बिनस्क्रीनचा जुना फोनच असतो. सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, अर्ध्या तासात चटका बसेल इतका गरम होतो आणि गरम झाला की स्पीड खाली येतो. बँडची यादी छापील असली तरी आतला रेडिओ वेगळा निघू शकतो. बँकेचं किंवा पक्षकारांच्या हिशोबाचं काम करणाऱ्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोंगलच्या आत काय बघायचं

डोंगलच्या वेगाच्या दर्जाला कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी ४ म्हणजे जास्तीत जास्त १५० एमबीपीएस डाउनलोड आणि ५० अपलोड. कॅटेगरी ६ म्हणजे ३०० आणि ५०. कॅटेगरी ६ चा फायदा आकड्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे: तो दोन बँड एकाच वेळी जोडून वापरतो. रात्री एक बँड भरला तरी दुसरा हात देतो. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी परवडत असेल तर कॅटेगरी ६ बघावं. बाकीच्यांना कॅटेगरी ४ पुरेसं आहे.

दुसरा मुद्दा जोडणीच्या पद्धतीचा. काही डोंगल जुन्या पद्धतीचे, म्हणजे लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून 'कनेक्ट' दाबावं लागणारे. काही डोंगल लॅपटॉपला नेटवर्क कार्डासारखे दिसतात, लावले की चालू. हुआवे या प्रकाराला हायलिंक म्हणते आणि त्याचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ या पत्त्यावर उघडतं. घरगुती वापराला हाच प्रकार घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते, तिथेही हा बहुतेक वेळा निभावतो. मॅक वापरत असाल तर हा मुद्दा टाळता येणारच नाही, कारण जुनी डायलर सॉफ्टवेअर ३२ बिटची असायची आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकओएसने ती चालवणं बंद केलं. लिनक्सवर मोडेममॅनेजर आणि यूएसबी-मोडस्विच असेल तर दोन्ही प्रकार चालतात.

तिसरं म्हणजे बाहेरच्या अँटेनाची सॉकेट. तळमजल्यावर किंवा आतल्या खोलीत बसणाऱ्यांनी सॉकेट असलेलाच डोंगल घ्यावा. हुआवेवर सीआरसी९ नावाची सॉकेट असते, झेडटीईच्या बऱ्याच डोंगलवर टीएस९. दोन्ही दिसायला सारखी असली तरी एकमेकांत नीट बसत नाहीत, तेव्हा अँटेना घेताना नाव बघून घ्या. सॉकेट दोन असतील तर दोन्हींना अँटेना लावा.

५जी डोंगलबद्दल थोडक्यात: महाग आहेत, निवड कमी आहे आणि जिओचं ५जी स्वतंत्र पद्धतीचं म्हणजे एसए, तर एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावर चालणाऱ्या एनएसएने केली. दोन्ही पद्धती आणि ५जीचा एन७८ बँड चालत असेल तरच विचार करा. ५जी असलेल्या सिमवर ४जी डोंगल व्यवस्थित चालतो, घाई करायचं कारण नाही. तुमच्या थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडमध्ये सिमचा खाचा आणि आत अँटेनाच्या तारा असतील, तर यूएसबी डोंगलऐवजी आतला मोडेम बसवता येतो. त्या मॉडेलला कोणता मोडेम चालतो हे मात्र कंपनीच्या यादीत बघूनच घ्या.

दुकानात

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडची दुकानं असोत, वाशीचं सेक्टर १७ असो की लॅमिंग्टन रोड, लॅपटॉप आणि चालू सिम सोबत घेऊन जा. दुकानदाराला डोंगल लावून दाखवायला सांगा. त्याच्याकडे नेट चाललं म्हणजे तुमच्या घरी चालेल असं नाही, पण लॉक आणि ड्रायव्हरचे प्रश्न तिथेच उघडे पडतात.

डोंगललाही फोनसारखा १५ अंकी आयएमईआय असतो. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर वस्तू परत ठेवा. आयएमईआय बदलून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, तो गुन्हा आहे. सेकंडहँड घेतानाही ही तपासणी चुकवू नका आणि पक्कं बिल घ्या.

सिम आणि प्लॅन

बँकेला जोडलेला नंबर डोंगलमध्ये टाकू नका. ओटीपी डोंगलच्या पानावर जाऊन वाचावे लागतात आणि कॉल तर येतच नाहीत. डोंगलसाठी वेगळं सिम घ्या, स्वतःच्याच नावावर. एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे ९ सिम चालतात. तुमच्या नावावर किती आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

डेटा किती लागेल ते आधी मोजा. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण १ जीबी धरा. म्हणजे रोज १.५ जीबीचा प्लॅन दीड तासाच्या मीटिंगमध्ये संपतो आणि त्यानंतर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, ज्यात मेलला जोडलेली फाइलही नीट जात नाही. ज्यांचा वापर कधी जास्त, कधी कमी असतो त्यांनी रोजच्या मर्यादेऐवजी एकगठ्ठा डेटाचा प्लॅन घ्यावा. ऑडिटच्या हंगामात दिवसाला ५ जीबी आणि एरवी शून्य असा वापर असेल तर हाच स्वस्त पडतो.

घरी आल्यावर

नॅनो सिम मोठ्या खाचात बसवायला प्लास्टिकची चौकट वापरलीत, तर सिम निसटून आत अडकणार नाही हे बघा. काढताना ओढाताण केली की पिना वाकतात.

नेट लागलं नाही तर डोंगलच्या सेटिंगमधलं एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडून देणारं नाव, तपासा. इंग्रजी छोट्या अक्षरांत, जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीसाठी तीन डब्ल्यू. डोंगलच्या सेटिंगच्या पानावरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

विंडोजमध्ये या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करा. हे केलं नाही तर विंडोजचा एखादा मोठा अपडेट रात्रीत कित्येक जीबी खाऊन टाकतो. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हची आपोआप होणारी जुळवणीही थांबवा. दर काही मिनिटांनी डोंगल सुटत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. स्वस्त यूएसबी हबवर डोंगल लावू नका, त्याला पुरेशी वीज मिळत नाही.

एक मीटरची यूएसबी २.० एक्सटेन्शन केबल नक्की घ्या. डोंगल लॅपटॉपपासून लांब, खिडकीच्या कडेला ठेवता येतो. दुसरं कारण जास्त मोलाचं: यूएसबी ३.० च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो आणि बँड ४० अगदी त्याच्या शेजारी, २३०० ते २४०० मेगाहर्ट्झमध्ये आहे. केबल लावल्यावर एसआयएनआर वर गेलेला डोंगलच्या पानावर लगेच दिसतो.

ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण आतलं काही उघडत नाही, असं झालं तर आयटीवाल्यांना एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप) १४०० किंवा त्याखाली करायला सांगा. मोबाइल नेटवर अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) असतो आणि तो बदलत राहतो. त्यामुळे ठरावीक आयपीवरूनच उघडणारं सर्व्हर हवं असेल किंवा घरच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला बाहेरून थेट आयपीने जोडायचं असेल, तर डोंगलवर ते जमणार नाही.

लोकलमध्ये वापरणार असाल तर ठाणे-वाशी मार्गावर मेल आणि शीट चालतात, पण मीटिंग धरू नका, कारण टॉवर बदलताना आवाज तुटतो. लांब पल्ल्याच्या गाडीने पारसिक बोगद्यातून जाताना फाइल आधीच सेव्ह करून ठेवा.

वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत एक पूर्ण कामाचा आठवडा तिच्यावर काढा, रात्रीच्या वेळेसह. ज्या दिवशी पाऊस जोरात असेल त्या दिवशीही मोजा, आणि आकडे फोनवरच्या पहिल्या नोंदीशी ताडून बघा. डोंगल फोनपेक्षा सतत मागे पडत असेल तर बँडची यादी पुन्हा तपासा आणि बिल, खोकं, केबल सगळं घेऊन तो बदलून आणा.